वर कोण आहे

गंजगोलाईत भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
दोन टेबलं, एक कूलर, दैवशाला आणि मी.
मोंढ्यासाठी ॲप करायलोय:
तुरीचा भाव, सोयाबीनची आवक, हमालीचा हिशेब.

परवापासून एकच तक्रार.
सौदा निघाला की सूचना जाते,
वाजतेसुद्धा,
पण दिसत नाही कुणालाच.
ती उघडते खाली, झाकल्या गेलेल्या स्क्रीनवर;
वर अडत्याच्या पट्टीचा फोटो
ऐसपैस पसरलेला.

आता या काचेवर काय दिसायलंय
हे बालवाडीतलं पोर सांगेल.
कोडला सांगता येत नाही.
त्याला डोळे नाहीत.
त्याला फक्त विचारता येतं.

दुपारी फोन घेऊन मोंढ्यात गेलो.
गोदामात लाईट गेलेली,
रज्जाकमामू थप्पीवर, छताच्या जवळ कुठंतरी.
खालून ओरडलो, मामू,
अंधारात वरचं पोतं कसं ओळखता?
वरून नुसता आवाज आला:
हात लावत जायचं, सर.
पोतं लागलं, अजून वर.
हवा लागली, थांबायचं.
तिच्याखालचं तेच वरचं.

संध्याकाळी तेवढंच लिहिलं.
खिडकीपासून सुरू कर.
पहिल्या स्क्रीनला विचार, तुझ्यावर कोणी आहे?
आहे म्हणाली तर तिलाही तेच विचार.
टॅब असतील तर निवडलेला धर,
रांग असेल तर शेवटची.
हवा लागेपर्यंत.

सात ओळी. चालल्या.
आठव्यांदा फसल्या.

लॉग दैवशालानं उलगडला.
एक स्क्रीन मिटत चालली होती,
अर्धी खाली सरकलेली,
तीही म्हणाली, मीच वर.
खोटं नव्हती बोलत,
तिच्यावर खरंच कोणी नव्हतं.
सूचना तिच्यावर बसली
आणि तिच्यासोबत गेली.

मग एक अट वाढवली:
निघालेलीला धरू नकोस.

शुक्रवारी दैवशालाचा नोटीस पिरियड संपतो.
पुण्यात रूम मिळाली म्हणे, तिघींत मिळून.
तिचा डबा, चार्जर, खुर्चीवरची ओढणी
अजून जागच्या जागी.
हाक मारली की हां, बोल ना, म्हणते
आणि खरंच बघते माझ्याकडं.
मी तीन दिवस झाले
एक वाक्य घेऊन बसलोय.

खाली भांडीवाला शटर ओढायलाय.
बदल जतन करताना काय लिहू, ती विचारते.
लिही, मी म्हणतो,
वरची स्क्रीन सापडायलीय आता.