पाव फेरा

यंत्र आलं तेव्हा खोक्यात होती
एक षटकोनी किल्ली,
सिलिकॉन तेलाची बोटभर कुपी,
आणि एक लाल दोरी, कुर्त्याला अडकवायची.
बाई पडली की दोरी सुटते,
दोरी सुटली की पट्टा थांबतो.

बाकीचं ज्याचं त्याने घ्यायचं.

टेबल उंच करायला चार ठोकळे
धनकवडीच्या सुताराकडून आणले.
"खुर्ची मोडली का ताई?"
खुर्ची शाबूत आहे, म्हटलं,
बसून बसून मी मोडत आलेय.

चौदा वर्षं
रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच
दूरदेशीच्या दवाखान्यांची बिलं तपासते.
कुणाचा गुडघा, कुणाचं पित्ताशय,
प्रत्येक दुखण्याला एक कोड.
माझी साखर डॉक्टरांनी सांगितली
तेव्हा आधी तिचा कोडच आठवला,
मग आई आठवली, तिचा पाय.

तर आता चालते. टेबलाखाली, ताशी दोन किलोमीटर.
कात्रजच्या घाटाकडे तोंड करून
घाट जिथल्या तिथे ठेवून.

बाटली ठेवायचं कडं घेतलं, ते हलतं.
छोटा पंखा घेतला, त्याने बिलं उडतात.
बूट घ्यावेत की जुने कॅनव्हासचेच बरे
यात एक रविवार गेला.
राहिलं रबर.

बोहरी आळीत हातिमभाईंनी तुकडे मांडले,
साड्या मांडाव्यात तसे एकावर एक.
सहा मिलिमीटर, दहा, बारा.
अंगठ्याने दाबून बघा म्हणाले.
मी दाबलं. तिन्ही सारखेच शहाणे वाटले.

"खाली कोण राहतं?"
"कुंजीर म्हणून आहेत."
"झोपतात की जागतात?"

नऊ वर्षं वरखाली राहून
एवढं साधं मला सांगता येईना.
उद्या येते म्हटलं.

कुंजीरबाईंनी दार उघडलं, हाताला कणीक.
मी पायरीवरच माफी मागायला लागले,
रात्रीचा आवाज, नोकरीच तशी, रबर आणतेच आहे,
त्या म्हणाल्या, आत या आधी.

कॉटवर कुंजीर.
भोसरीला एकतीस वर्षं फिटर,
दिवाळीपासून उजवं अंग गेलेलं.
मला बघून तोंडाचा डावा कोपरा हलला.
"ड... डाईकडं."
बाईंनी समजावलं: "पट्टा डावीकडं ओढतोय म्हणतात तुमचा.
दहा दिवस झाले सांगतायत मला.
मी म्हटलं, वर जाऊन कसं सांगू असलं काही?"

त्यांनी डावा हात उचलला.
हवेत एक अदृश्य किल्ली धरली,
फिरवली, आणि थांबवली.
थोडीच फिरवली.
पुन्हा दाखवली, मला कळलं नसेल म्हणून.
पाव फेरा. त्याहून जास्त नाही.
मनगट अजून कारखान्यातलं होतं.

"तुम्ही रात्री अडीचला थांबता," बाई म्हणाल्या,
"तेव्हा विचारतात, काय झालं वर."

अडीचला मी चहा करते.
हे माझ्या घरातही कुणाला माहीत नाही.
घरात कुणी नाही.

त्या रात्री जमिनीवर बसून
डाव्या बोल्टला किल्ली लावली.
पाव फेरा. पट्टा चालू केला.
घासत होता ते किर्र बंद झालं,
मधोमध आला, शहाण्यासारखा.
दोरी अडकवली, एक कोड टाकला, चालू लागले.

अडीचला चहा टाकायच्या आधी
टाच दोनदा जमिनीवर आपटली.
उगाच.
म्हणजे काही झालेलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आळीत जाऊन म्हटलं,
सहा मिलिमीटरचंच द्या.
"म्हणजे जागतात," हातिमभाई म्हणाले
आणि कात्री शोधू लागले.