आवाज जितका बारीक

बाकोलोदच्या कोर्टासमोर ओंगकोचं झेरॉक्सचं दुकान.
निम्फा माग्बानुआची पानं तो उजेडाला धरतो,
च्यक् करतो, म्हणतो,
"काळं फार आहे. काळ्याचे जास्त पडतील.
जमिनीच्या दाव्यांतही एवढं काळं नसतं."

म्हणून ती रात्र भरून टाकायची सोडून
रेघारेघांनी काढू लागली,
तिरक्या, बारीक, ओल्या केसांतून फणी फिरावी तशा.
पुढे मनिलाहून आलेल्या एका जाणकाराने
त्या रेघांत तीन थोर चित्रकार शोधून दाखवले.
निम्फाने मान डोलावली.
ओंगकोचं नाव कुणी घेतलं नाही.

मी शब्दांचा माणूस. बुडबुड्यांत अक्षरं भरतो.
हात बसला तो जीपनींच्या पाट्या रंगवून:
सुटे पैसे द्या, देव बघतो आहे, लटकू नका.
आमची भुतं मागच्या सीटवरून
कंडक्टरला हाक मारल्यासारखी बोलतात
असं ती म्हणते.
बरोबरच आहे तिचं.

इलोइलोच्या जत्रेत आमचं टेबल जिन्याखाली.
चाळीस प्रती, एक स्टेपलर,
सुट्या पैशांना बिस्किटाचा डबा.
कुणीतरी विचारतंच, हे सगळं आलं कुठून?
मग ती धक्क्यावरच्या टपरीचं सांगते:
दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली चित्रकथांची पुस्तकं,
बाकावर बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत,
आणि शेवटचं पान हमखास फाटलेलं.
"शेवट मीच करायचे. घरी जाता जाता.
उसाच्या मळ्यापर्यंत सगळे मेलेले असायचे."
लोक हसतात. कधी एखादी प्रत खपते.

आणि छपरावरच्या टिकटिकीचं सांगते.
रात्री ती मोठ्याने आली तर खुशाल झोपावं,
आस्वांग अजून लांब आहे.
बारीक झाली की उठून बसावं.
आवाज जितका बारीक, तितकी ती जवळ.

दुपारी एका पोराने उभ्या उभ्या अख्खं पुस्तक वाचलं,
जागेवर नीट ठेवलं, आणि विचारलं,
"नवव्या पानावर दाराआड उभी आहे ती कोण?"
"दाराआड कुणी नाही," निम्फा म्हणाली.
त्याने बोट ठेवलं.

खांदा होता. सैल अंबाडा होता.
तोंडावर घट्ट दाबलेला हात होता.

ओंगकोच्या काचेवरचा डाग, मी म्हणालो.
चाळीसच्या चाळीस प्रती उघडल्या. सगळ्यांत ती.
परतीच्या बोटीत मूळ पान काढलं,
तिथेही होती,
निम्फाच्याच रेघांची, निम्फाच्याच हातची.

गिमारासच्या टेकड्या मागे पडेपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली, शिलाई मशीनच्या हप्त्याचा माणूस
दर शनिवारी यायचा.
दार बडवायचा, नाव घेऊन ओरडायचा.
त्याची भीती नाही वाटायची गं मला, असं
धाकटीला मी सांगायचे, तो बाहेर आहे.
आई दाराआड उभी. आम्ही तिच्या झग्याला धरून.
तिचा श्वास मात्र...

पुढचं इंजिनात गेलं.

तिने पान माझ्या मांडीवर सरकवलं.
"इथे बुडबुडा नको."
थोड्या वेळाने, "काढ. पण आत काही लिहू नकोस."

पाट्यांवर मी वीतभर अक्षरं रंगवली आहेत,
धुरात, पावसात, धावत्या माणसाला वाचता येतील अशी.
हा काढला तांदळाच्या दाण्याएवढा,
बोट हलत होती म्हणून थोडा वाकडा,
तोंडावरच्या त्या हाताशी.

आत पांढरं.
ओंगको त्याचे काही लावणार नाही.