सरकीसकट

जिनिंगच्या काट्याचा जुना संगणक दिवाळीत मेला.
मुंधडाशेठनं नवा आणला पुलगावहून,
पडद्यावरचं प्लास्टिक अजून तसंच.
नव्याला काट्याची भाषा येत नाही.
प्लॅटफॉर्मवर हत्ती उभा केला
तरी नुसत्या रेघा.

एक लायब्ररी पाहिजे, मी म्हटलं.
शेकोटीपाशून झिबलकाका म्हणाले,
"ते तं ग्रामपंचायतीत हाय. कपाटाची चाबी हरवली."
कसं सांगू,
की ही तारेतून येणारं वजन वाचायची रीत,
कुणीतरी एकदा लिहून ठेवलेली,
बाकीच्यांना पुन्हा लिहावी लागू नये म्हणून.

तयार मिळाली नाही आमच्या यंत्राजोगी.
सोर्स मिळाला. पाण्याच्या टाकीवर चढून
मोबाइलच्या दोन काड्यांवर उतरवला.
चारशे केबी. काकांच्या नातवाच्या एका फोटोहून हलका.

तयार प्रोग्राम म्हणजे गठाण:
दाबलेली, पट्ट्या मारलेली, नंबर टाकलेली.
जहाजातून जाते, पेरता येत नाही.
हा सरकीसकट आला.

गाठोडं सोडलं. कॉन्फिगर म्हटलं.
तो सोयरीक पाहायला आलेल्या मामासारखा
एकेक विचारत सुटला.
कंपायलर आहे? आहे.
मेक आहे? आहे.
अमकं? आहे.
तमकं?
नाही.
उठूनच गेला.
पुन्हा टाकी, एकवीस पायऱ्या, लोखंड गार,
खालून काकांची बॅटरी.
"पोरी, पाय पाहून ठेवजो."

दीड वाजता मेक.
ओळी सुटल्या, रोलरवरून रुई सुटते तशा.
मधूनमधून इशारे. ते मी वाचले नाहीत,
कुणीच वाचत नाही.
मग एक चूक. आणि गप्प.

फाइल उघडली. वर एक ओळ लिहायची राहिली होती.
जुने कंपायलर चालवून घ्यायचे,
नवा ऐकत नाही.
ती लिहिली. बंद करणार, तर खाली कुणा मारेकची टीप,
फेब्रुवारीतली, पंधरा वर्षांपूर्वीची, पहाटे तीनची:
इथे दोनशे मिलिसेकंद थांबा.
का, ते मला कळलेलं नाही. काढू नका.

मारेक, मला माहीत आहे.
ट्रॅक्टर चढला म्हणजे वजन झालं असं नसतं.
ट्रॉली झुलत असते, कापूस झुलत असतो,
वर बसलेलं पोरगं उतरायचं असतं.
तुझ्याकडे काय चढत होतं काट्यावर, कोण जाणे.
मी दोनशेचे पाचशे केले
आणि तुझ्या टीपेखाली देवनागरीत लिहिलं,
आमच्या काट्याला एवढे लागतात.
भाविका नेवारे. डिसेंबर. शेकोटी विझत आली आहे.

या वेळी मेक शेवटपर्यंत गेला.
बसवली. चालवलं.
उत्तर आलं, लायब्ररी सापडत नाही.
माझ्याच हातानं ठेवली होती, या मिनिटाला!
डोकं धरून बसले. मग आठवलं,
घर बांधून झालं, कोतवालाला सांगायचं राहिलं.
एक आज्ञा. चार शब्दही नाहीत.

"काका, काट्यावर उभे राहा बरं."
घोंगडीसकट उभे राहिले,
फोटो काढताना राहतात तसे, हात सरळ.
साठ.
"मी तं अठ्ठावन आहो. दवाखान्यातल्या काट्यावर."
"हा दहादहानं मोजते, काका."
"मंग दोन किलो घोंगडीचे धर."

फाटकाबाहेर हेडलाइटं लागू लागली होती,
कुणीतरी उगाच हॉर्न वाजवून राहिला होता.
काका उतरले.
साठचा आकडा तसाच, अर्धा सेकंद,
शून्यावर जायच्या आधी.
मी त्याला थांबू दिलं.