सात सेकंद

केबलवर फायनल लागलीय.
आबांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
डॉक्टर म्हणाले, धूळ नको, गर्दी तर नकोच,
म्हणून सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
फायनलच्या दिवशी आबा घरात.
टीव्हीकडं पाठ, तोंड मागच्या खिडकीकडं,
कान तेवढा इकडं लावलेला.

आणि त्या कानात ओततोय कोण, तर हा.

"मित्रांनो, चेंडू सध्या मैदानात आहे."
मग काय रंकाळ्यात असणार काय, आबा म्हणतात.
"हा कॉर्नर आपल्यासाठी आणला आहे
मोरजाई पाइप्स, शिरोली एमआयडीसी..."
त्याचा फोन नंबर पुरा होईतोवर
आमच्या पोराचं हेडर बारला थडकून
परत आलेलं असतं.
बारचा तो आवाज आबांना मीच सांगायचा.

सोनसळीचा पडला की दुखापत.
आमचा पडला की, "प्रेक्षकहो, नाटकं बघा."
सोनसळीनं ढकललं ती जिगर म्हणे.
याचा मेव्हणा त्यांच्या मंडळाचा खजिनदार,
हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे,
पण माईक हातात आला की माणसानं
निदान मेव्हणा तरी खिशात ठेवावा.

आमच्या नायजेरियन स्टॉपरला नावच नाही.
"परदेशी खेळाडू," बास.
तीन सीझन आमच्या बोळात राहिला,
माझ्या आईकडनं भडंग मागून खाल्लं,
बोळातली बारकी पोरं त्याला सॅमदा म्हणतात.
आणि जुनैद मुजावर,
डाव्या पायानं भिंतीवर चेंडू मारून मारून
ज्यानं आमच्या तुळशीसकट पाच कुंड्या फोडल्या,
तो याच्या तोंडात सुरुवातीपासून जुबेर.
"जुबेरचा पास चुकला."
"जुबेरला आज सूर नाही."
जुबेर कोण गं, आबा विचारतात.
मी म्हणते, नाही कोणी, आबा.

हाफ टाइमला मी आवाजच बंद केला.

तेव्हा कळलं, खिडकी केव्हाची बोलतीय.
स्टेडियम तीन गल्ल्या पलीकडं.
तिथली आरोळी सरळ येते, हवेतनं,
टीव्हीला यायला सात सेकंद जादा लागतात,
कुठं कुठं फिरून येत असेल कुणास ठाऊक.
आबांनी हात वर केला.
"गोल. आमचा."
पडद्यावर तर त्यांचा गोली
निवांत मोजे वर ओढत होता.
मी मोजत राहिले, पाच, सहा,
आणि जुनैदचा डावा पाय.

कसं ओळखलं, मी विचारलं.
"आमची पोरं वरडली की आवाज सरळ आत येतो.
त्यांचा आवाज देसायांच्या पत्र्यावरनं येतो,
थरथरत."
असलं कुठल्या कॉमेंट्रीत सांगत नाहीत.

एक-एक. जादा वेळ. मग टायब्रेकर.
चार-चार, आणि त्यांनी पाचवी मारली.
आमची शेवटची किक जुनैदकडं.
"आवाज लाव," आबा म्हणाले.
आता कशाला?
"लाव म्हणतोय न्हवं."

रिमोटचं बटण दाबायला आणि
देसायांचा पत्रा थरथरायला
एकच गाठ पडली.

आबांनी मांडीवरचा पंचा घडी केला.
पुन्हा उलगडला.
पडद्यावर जुनैद अजून वाकून
चेंडू ठेवत होता, डाव्या हातानं, नीट,
कुंडी ठेवावी तसा.

आणि हा माणूस, मेव्हण्यासकट,
आवाज खाली आणून म्हणाला,
"जुनैद. जुनैद मुजावर.
प्रेक्षकहो, खरं सांगतो,
आज मैदानावर या पोरासारखा पाय
दुसऱ्या कुणाचा चालला नाही."

माझं बोट बटणावरच होतं.
"राहू दे," आबा म्हणाले,
"बोलतोय ते बोलू दे त्याला."

जुनैद चार पावलं मागं गेला.