सहावा हिस्सा

लियाकतभाय गेला तेव्हा त्याच्या खिशात
बस डेपोचा जुना पास होता, पुदिन्याच्या दोन गोळ्या.
मृत्युपत्र नव्हतं.
"करू की, घाई काय," म्हणायचा
डायलिसिसच्या खुर्चीत,
मी सोललेलं सफरचंद खात.

मिस हॅरग्रीव्ह्ज म्हणाली, कायदा सोपा आहे:
बायको नाही, मूल नाही, आईबाप नाहीत.
तुम्ही दोघं त्याची हाफ, म्हणून वाटणीही हाफ-हाफ.
आईकडची की बापाकडची,
तिच्या फॉर्मवर असा रकानाच नव्हता.

मौलानांनी मात्र तेच आधी विचारलं.
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघ ओढली.
एका पोटची, अखयाफी: सहावा हिस्सा.
एका बापाचा, अल्लाती: उरलेलं सगळं.
मग चष्मा काढून, समजूत घालावी तसं,
"तुझ्या जागी भाऊ असता तरी सहावाच, बेटी.
आईच्या बाजूने बाईबाप्या सारखे."

त्याच्या घरी जाऊन मी भिंतींकडे बघत बसले.
ब्लॅकबर्नमधली चढावरची ओळ, दोन खोल्या वर, दोन खाली,
कोळशाच्या कोठीत आईचं शिलाई मशीन.
यातला सहावा म्हणजे नेमका कुठला?
जिना धरायचा का?
तेरावी पायरी करकरते.
रात्रपाळीहून आला की तेवढी ओलांडून चढायचा,
आई जागी होऊ नये म्हणून.
आई गेली, तरी ओलांडायचा.

वकार लेस्टरहून आला.
भावाला दोनदाच भेटलेला:
एकदा खेडला, बापाच्या मयतीत,
एकदा मँचेस्टरच्या विमानतळावर, घाईत.
दारात उभा राहिला तर कपाळ तेच,
डाव्या भुवईतला भोवरासुद्धा.
मी "ये रे" म्हणून गेले आणि मग आठवलं,
हा माझा कोणीच नाही.
माझ्या भावाचा भाऊ, रक्ताचा थेंब एक नाही.
मधला माणूस उठून गेल्यावर
उरलेल्या दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं?
आमच्या बोलीत शब्द नाही. इंग्रजीतही नसावा.

दोन्ही कागद टेबलावर ठेवले.
खोटं कशाला बोलू, आदल्या रात्री हिशेब केला होता:
नऊ वर्षं, आठवड्याला तीन फेऱ्या हॉस्पिटलच्या,
गेलेली नोकरी.
अर्ध्याहून जास्तच निघत होतं माझं.

वकारने कागदांना हात लावला नाही.
म्हणाला, "त्याचा आवाज कसा होता?
फोनवर खोकलाच जास्त यायचा."

मी पाकीट पुढे ओढलं
आणि मौलानांच्या रेघेखाली सही केली.
दानशूर वगैरे काही नाही मी.
तेवढं आईच्या नावाने आलं होतं,
आणि तिच्या हातचं कधी मोजून घेतलं नव्हतं.

चहा झाला. तो वर गेला, घर बघायला.
मी खाली कप धरून पायऱ्या ऐकत राहिले.
दहावी. अकरावी. बारावी.

सांगायला हवं होतं त्याला.