एक फळी जास्त

हाचिनोहे बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागं,
जाळी विणणाऱ्या दुकानाच्या माडीवर
निइनुमा सर शिकवतात.
जिना चढताना आधी उजवा गुडघा बोलतो,
मग ते.

एकदा मलम चोळायला
त्यांच्या नडगीवर हात ठेवला मी.
हाड कसलं,
वर्षानुवर्षं लाटा खाल्लेला धक्का होता तो.

कप कुठाय, नवी पोरं विचारतात.
सर कोपऱ्याकडे हनुवटी उडवतात:
छत गळतं तिथं, थेंबांखाली
चांदीचा मुलामा उडालेला,
अर्धा भरलेला.

अंतिम फेरीचं ते कधीच बोलले नाहीत.
मला त्यांच्या बायकोनं सांगितलं,
म्हाकूळ सोलता सोलता.
दोन जादा फेऱ्या. चारही मांड्या जांभळ्या.
पंचांची निशाणं निम्मी इकडं, निम्मी तिकडं.
काट्यावर वजनही सारखंच.
मग मोजल्या सकाळी फोडलेल्या फळ्या.
कुरोताकीच्या एकवीस,
यांच्या बावीस.

“बाविसावी आधीच तडकलेली होती,”
सुरी पुसत ती म्हणाली.
“हात पडायच्या आधी कळलं होतं यांना.
बोलायला तोंड उघडलं,
तोवर टाळ्या.”

पुढल्या वर्षी ते उतरलेच नाहीत.
गुडघा, लोक म्हणाले. गुडघ्यानंही
नाही म्हटलं नाही.
एक पत्र गेलं इतायानागीला,
कुरोताकीच्या सफरचंदांच्या बागेत.
उत्तर नाही आलं,
पेटी आली. भुशात चाळीस सफरचंदं,
चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.
तेव्हापासून दर ऑक्टोबरात येते.

सर चिमट्यानं खिळे उपसतात,
वाकडे झालेले ठोकून सरळ करतात,
फळ्या भिंतीशी रचतात.
दारातली चपलांची मांडणी त्यातलीच.
आणि तो पाटही, ज्यावर चढल्याशिवाय
धाकट्या हिसानोला आरशात
स्वतःचा पट्टा दिसत नाही.

परवा तीच म्हणाली,
“सर, एक फोडून दाखवा ना.”
सगळे गप्प. खाली जाळ्याचं यंत्रसुद्धा
नेमकं तेव्हाच थांबलेलं.
सरांनी वरची फळी उचलली,
कलिंगड पारखावं तशी
कानाशी धरून बोटानं वाजवली.
बराच वेळ ऐकत राहिले.

“चांगली आहे ही,” म्हणाले,
आणि जागच्या जागी ठेवली.

“चला. डावा पाय मागे.
हिसानो, हनुवटी खाली.
इचि.”