बशीतले अकरा स्क्रू

राजारामपुरीतला पोरगा म्हणाला, काका, टाकून द्या,
बारा वर्षांचा झालाय, एवढ्यात नवा येईल.
येत नाही, हे त्यालाही माहीत होतं.
मी नुसती डिस्क घेतली.
बिस्किटापेक्षा पातळ. हलवली तर आत काहीच वाजेना.

जुनी कालपर्यंत टिक टिक करत होती.
बेअरिंग गेलेला आवाज मला कुणी ओळखून द्यायला नको,
उद्यमनगरात एकतीस वर्षं तोच ऐकत आलोय.
ही नवी म्हणे फिरतच नाही.
चकती नाही, सुई नाही, तेलपाणी नाही.
न फिरणाऱ्या यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा
हे आमच्या धंद्यात कुणी शिकवलं नाही.

शटर अर्धं ओढलं. चहाच्या बशीत अकरा स्क्रू.
पाठ उघडली तर पंख्यात बिडाची पूड,
काळी, बारीक, बोटाला धरून बसणारी.
ब्रशनं झाडली. सगळी निघाली नाही.

पेनड्राइव्ह लावला. एफ-बाराचं बटण
तिसऱ्या खेपेला लागलं.
मग निळा पडदा, आणि एकेक प्रश्न,
शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे तसे.
भाषा? देश? वेळ कुठली?
यादीत कोलकाता होतं.
म्हटलं, 'को'पर्यंत आलंय, चालतंय की.
हा संगणक कोण वापरणार?

इथं बोट थांबलं.
आधी तिथं आम्ही दोघं होतो,
मगदूमगवंडी,
मधे जागा न सोडता.

मी नुसतं 'ऑफिस' लिहिलं.

सत्तावीस टक्के. त्रेचाळीस.
त्रेचाळीसवर इतका वेळ बसलं
की मागचा नळ बंद करून आलो, तरी त्रेचाळीस.
शेवटी उठलं, आणि वायफायचा पासवर्ड मागितला.
जुन्या डिस्कला पाठ होता. मला नव्हता.
राउटर बसवला गवंडीनं, पासवर्ड ठेवला गवंडीनं,
आणि गवंडी, परत आलेल्या पंप हाउसिंगच्या एका लॉटवरून,
दोन वर्षं शिरोलीला वेगळं शेड घेऊन बसलाय.

पावणेदहाला फोन लावला.
'बोल,' म्हणाला. तेवढंच.
विचारलं. सांगितला:
आपल्या पहिल्या ऑर्डरचा ड्रॉइंग नंबर,
आणि पुढं सन्मती. माझी थोरली.
'अक्षरं सगळी लहान. जागा सोडू नको.'
मग दोन्हीकडं गप्प.
त्याच्या शेडात कुणीतरी ग्राइंडर लावला, बंद केला.
'केवढ्याची घातलीस?'
'दोनशे छप्पन्न.'
'पाचशेची तरी घालायचीस, चिक्कू.
आणि स्क्रू सगळे बसले काय?'
'बसले,' म्हटलं.

बशीत एक होता.

लॅपटॉप सुरू झाला. आवाज नाही.
कान लावून बघितलं, तरी नाही.
जुनी डिस्क भंगाराच्या डब्यावर धरली होती,
पण हिशेब तिच्यात आहे,
कुणाचे कुणाकडं किती.
पॅटर्नच्या फळीवर ठेवली.
ठेवताना हलली जरा.
वाजते अजून.